खेकडेसाहेबांचा रुमाल

परवा आमच्या इंग्लंडातल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाला पुण्याहून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं होतं. नवीन माणसं आली की आमच्याकडे त्यांना दोन गोष्टी सांगतात. पहिली, कौन्सिलची कचऱ्याची पेटी कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची. दुसरी, खेकडेसाहेबांची गोष्ट.

"इथे एक इंग्लिश डायरेक्टर होता," आमचे खजिनदार रंगात येऊन सांगत होते. "सिनेमाचं शूटिंग म्हणून त्याने आपल्या सबनिसांच्या केतकीचं खरंखुरं लग्न लावून टाकलं. आई ओरडतेय, मुलगी रडतेय, आणि हा लबाड कॅमेऱ्यामागे हसतोय."

"आणि भटजी? त्याला कळलं नाही?" त्या जोडप्यातल्या मुलीने विचारलं.

"भटजीला त्याने गुंडाळला होता हो. गरीब माणूस."

तो गरीब माणूस दोन खुर्च्या सोडून गुळाची वडी खात बसला होता. वडी जरा कडक होती, तोंड बंद ठेवायला तेवढं निमित्त पुरलं.

केतकी रडली नव्हती. खेकडेसाहेब हसले नव्हते. आणि त्या दिवशी जे घडलं ते त्यांनी घडवलं नव्हतं. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, मी ऐंशी ओलांडली, आणि दर वर्षी या गोष्टीत कुणीतरी थोडा मसाला घालतंच. म्हणून ही एकदा नीट लिहून ठेवतो. यात खेकडेसाहेबांची स्तुती करण्याचा माझा इरादा नाही. तशी सोयही त्यांनी ठेवलेली नाही.

त्यांचं खरं नाव लायनेल क्रॅबट्री. क्रॅबचा खेकडा मंडळात झाला. मेडनहेडला आमच्या घराला लागून त्यांचं घर होतं, मधे एकच भिंत. माझं आडनाव देवधर. ते त्यांनी पहिल्या दिवशी एकदा म्हणून पाहिलं, चेहरा वाकडा केला आणि म्हणाले, "मी तुला डेव्ह म्हणेन." मी तेव्हा साठीत होतो, ते सत्तरीत, तरी त्यांच्या लेखी मी कायम 'डिअर बॉय'.

उंच, किडकिडीत, गळ्यात बारा महिने लाल मफलर, आणि मफलरखाली दोरीला लोंबणारं एक काळं भिंग. सिनेमावाले चौकट कशी दिसेल ते बघायला वापरतात तसलं. ते घालून साहेब सुपरमार्केटमध्येही जात. कोबीच्या ढिगासमोर उभे राहून एक डोळा मिटून बघत आणि मग कोबी न घेताच परत येत. लग्नं दोन झाली होती, दोन्ही बायका सोडून गेल्या होत्या. "दोघींनाही एडिटिंगची जाण नव्हती," ते म्हणत. माझ्या बायकोचं, मालतीचं, मत वेगळं होतं. "हा माणूस मीठ मागायला येतो आणि पोळी-भाजी खाऊन जातो. मीठ आपलं तसंच राहतं. कोण राहील याच्याबरोबर?"

सोळाव्या वर्षी थेम्सकाठच्या एका स्टुडिओत क्लॅप मारण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. पुढे स्वतःचे सहा सिनेमे काढले. त्यातला एक लोकांना अजून आठवतो असं ते सांगत. ते लोक मला कधी भेटले नाहीत. समुद्रकिनारी खानावळ चालवणारी एक बाई भाडेकरूंना कस्टर्डमधून विष घालते अशी त्याची कथा होती. समीक्षकांनी त्यातल्या कस्टर्डचं कौतुक केलं होतं. मग धंदा बसला. साहेब जाहिरातींकडे वळले, दहा वर्षं पडद्यावर ग्रेव्ही ओतली. तेही आटल्यावर कंपन्यांसाठी शिकवणीच्या फिल्म केल्या.

त्यातली एक मी पाहिलेली निघाली. माझ्या कारखान्यात दर वर्षी सगळ्यांना ती दाखवत: जड खोका उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. हे कळल्यावर साहेब आमच्या स्वयंपाकघरात उभेच राहिले.

"म्हणजे तू ती पाहिलीस?"

"सतरा-अठरा वेळा तरी."

"खोक्यावरचा प्रकाश कसा वाटला?"

मी म्हणालो, आम्ही बहुतेक झोपलेले असायचो. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "झोप येणं हीसुद्धा प्रतिक्रियाच असते, डिअर बॉय," आणि मालतीच्या ताटातली पापडाची कड मोडून घेतली.

सेटवर ते 'कट' म्हणत नसत. तो शब्द खाटकाचा आहे म्हणत. प्रसंग वाईट झाला की म्हणायचे 'लव्हली'. चांगला झाला की नुसतं 'हं'. हे आमच्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. साहेबांनी ज्यांना रोज सात वेळा लव्हली म्हटलं ते मंडळातले कुलकर्णी आजही सांगतात की त्यांच्यात नट होता, वेळ मिळाला नाही.

आमच्या लोकांचा आणि त्यांचा संबंध आला तो दोन हजार सालानंतर. तेव्हा इथे भारतीय लग्नांच्या सिनेमांची लाट आली होती. साहेबांना पंधरा वर्षं काम नव्हतं, पण वारा कुठून येतोय हे कळायचं. एका सकाळी दार वाजवून म्हणाले, "डेव्ह, तुम्ही लोक सध्या फॅशनमध्ये आहात."

"आम्ही?"

"किती दिवस राहाल माहीत नाही. घाई करायला हवी."

मग अभ्यास सुरू झाला. अभ्यास म्हणजे आमच्या घरी दुपारी जेवायला येणं आणि मला प्रश्न विचारणं. तरुणपणी कधीतरी कुणाच्या तरी हाताखाली ते दोन आठवडे कलकत्त्याला जाऊन आले होते, त्यामुळे भारत त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

"हत्ती कुठून आणायचा?"

"आमच्यात हत्ती नसतो."

"घोडा?"

"नवरदेव गाडीतून येतो. शक्यतो काकांच्या."

"नाच किती वेळ चालतो?"

"नाच नसतो."

"मग पाहुणे करतात काय?"

"जेवतात."

"आणि जेवणाआधी?"

"जेवण कधी आहे ते विचारतात."

साहेबांनी खिन्नपणे खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या रस्त्यावर पंजाबी राहत होते. आपण चुकीच्या भिंतीला भिंत लावून घर घेतलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण मंगलाष्टकांचं सांगितल्यावर ते खुर्चीत सरळ झाले. मधे पडदा, दोन्हीकडे हार घेऊन उभी माणसं, एकमेकांना दिसत नाहीत, आणि एका शब्दावर पडदा खाली येतो. "हा तर कट आहे," ते म्हणाले. "तुम्ही लोकांनी हजार वर्षांपूर्वी एडिटिंग शोधून काढलंत आणि ते जेवणासाठी वापरलंत."

तेव्हा पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

कशीबशी पैशांची जुळवाजुळव झाली. नट परवडणार नव्हते, म्हणून मंडळाचेच लोक घ्यायचं ठरलं. नवरी म्हणून त्यांनी केतकी सबनीसला निवडलं. बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत होती, इथेच जन्मलेली, हसरी. नवरा म्हणून रोहित, व्हिसावर आलेला नागपूरचा सरळ मुलगा. त्याला सिनेमापेक्षा शनिवारी फुकट जेवण मिळतंय यात रस होता.

केतकीची आई, निर्मला सबनीस, यांना सगळे वहिनी म्हणतात. मंडळ त्या चालवतात. अध्यक्ष कुणी का असेना. त्यांनी एकच अट घातली.

"मंगलाष्टकं म्हणा, अंतरपाट धरा, माझी हरकत नाही. पण शेवटचं सावधान म्हणायचं नाही. अंतरपाट खाली येता कामा नये. आणि हार घालायचे नाहीत."

"वहिनी, हे नाटक आहे," मी म्हणालो.

"मग नाटकातले मंत्र वेगळे असतात का? अहो देवधर, उद्या खरं स्थळ आलं तर मी काय सांगू? एकदा अक्षता पडल्यात पण त्या शूटिंगच्या होत्या?"

केतकी तिच्या इथल्या मराठीत म्हणाली, "काका, आई खूप सिरियस झालाय. प्लीज ऐका."

साहेबांनी वहिनींची अट डोळे बारीक करून ऐकली. त्यांना ती फारच आवडली. असा धाक असलेला प्रसंग पूर्वी आपल्या वाट्याला आलाच नाही म्हणाले. पडदा खाली येण्याच्या आधी आपण थांबू आणि बाकीचं प्रेक्षकांवर सोडू, असा त्यांनी वहिनींच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. कट ते म्हणत नसत, म्हणून खूण ठरली. शेवटच्या अष्टकाची तिसरी ओळ संपली की ते पांढरा रुमाल वर धरतील. भटजीने तो पाहून थांबायचं.

भटजी मी. इथे गुरुजी मिळणं कठीण, म्हणून मंडळातली कार्यं बरीच वर्षं मीच करत होतो. आवाज चांगला आहे असं लोक म्हणत. मीही कधी त्यांना अडवलं नाही. शिवाय त्या शेवटच्या अष्टकाची एक भानगड होती. ते मी स्वतः रचलं होतं. शार्दूलविक्रीडितात मेडनहेड बसवणं सोपं नाही. करून बघावं. तीन आठवडे खपून मी ते बसवलं होतं, दोन्ही घराण्यांची नावं, थेम्स, सगळं. आणि सगळी गंमत चौथ्या ओळीत होती.

शूटिंग एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मंडळ नटूनथटून हजर. मागच्या खोलीत मसालेभाताचं पातेलं उघडलं गेलं होतं आणि वास दरवळत होता. साहेबांनी त्या दिवशी मफलरखाली टाय बांधला होता. आमच्याकडे वळून एवढंच म्हणाले, "कॅमेऱ्याकडे बघू नका, तो तुमचा जावई नाही."

पहिली चार अष्टकं उत्तम झाली. हॉलमध्ये खरंच लग्नातली शांतता आली. केतकी मान खाली घालून उभी होती, रोहितने हार दोन्ही हातांनी धरला होता. साहेब कॅमेऱ्याशेजारी. त्यांच्या तोंडून दोनदा 'हं' आलं. मी ते ऐकलं. माझ्या आवाजाला असं 'हं' त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

मग माझं अष्टक आलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. साहेबांचा हात वर गेला. पांढरा रुमाल, अगदी स्पष्ट. सगळ्यांची तोंडं अंतरपाटाकडे होती, त्यामुळे तो फक्त मला दिसला.

मी डोळे मिटले आणि चौथी ओळ घेतली. लांबवून घेतली. आणि शेवटी, घशाला तीस वर्षांची सवय, शुभमंगल सावधान.

अंतरपाट धरणाऱ्या दोघांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी सावधान ऐकलं आणि तो खाली घेतला. अक्षता पडल्या. टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्यावर मराठी माणसं जे करतात ते सगळ्यांनी केलं. पाठ फिरवली आणि पातेल्याच्या दिशेने गेले. रोहितने, हात रिकामे हवेत म्हणून असेल, हार समोर दिसलेल्या गळ्यात घातला. केतकीनेही मग घातला. हॉलमध्ये ती दोघं, मी, कॅमेरावाला आणि साहेब उरलो.

"कुठे चाललेत सगळे?" साहेबांनी विचारलं.

"जेवायला."

"पण मी लंच म्हटलेलं नाही."

तेवढ्यात वहिनी आल्या. त्या आधीच मागच्या खोलीत वाढपाची व्यवस्था बघायला गेल्या होत्या. हातात पळी तशीच होती. त्यांनी हार पाहिले, जमिनीवरच्या अक्षता पाहिल्या, आणि इंग्रजीत, अगदी खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही मला शब्द दिला होता. रुमाल वर का केला नाहीत?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रुमाल अजून त्यांच्या मुठीत होता. मी अक्षतांचं ताट आवरायला घेतलं.

"मॅडम," ते म्हणाले, "शॉट फार चांगला चालला होता. मला थांबवेना. मी पशू आहे."

गाडीतून परत येताना त्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग तेच म्हणाले, "डायरेक्टरला लोक दोनच शिव्या देऊ शकतात, डेव्ह. पशू किंवा मूर्ख. पशूला पुढच्या वेळी युनिट मिळतं. ज्याच्या सेटवर भटजी ऐकत नाही त्याला कुणी चहासुद्धा देत नाही."

मला ते मोठ्या मनाचं वाटलं. सांगतो म्हणजे सगळं सांगायला हवं: ते पुरतं तसं नव्हतं. पंधरा दिवसांत साहेब ही गोष्ट स्वतःच सांगत सुटले. पबमध्ये, पोस्टात, दाताच्या डॉक्टरकडे. आपण कलेसाठी एका आईला दिलेला शब्द कसा मोडला. मग रुमाल खिशातून काढलाच नाही अशी सुधारणा झाली. मग रुमाल घरीच विसरलो होतो, मुद्दाम. सहा सिनेमे आणि दहा वर्षांच्या ग्रेव्हीने जे दिलं नव्हतं ते त्यांना माझ्या चौथ्या ओळीने दिलं. लोक त्यांना घाबरायला लागले. आणि त्यांना ते शोभून दिसायचं, तेही खरं. मी स्वतःला समजावलं, बघ, त्यांना हवंच आहे ते.

पण सिनेमा त्यातून वाचला नाही. वहिनींनी पुण्याच्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, नाटकातलं लग्न लागत नाही. वहिनींना ते पटलं नाही, त्यांनी गुरुजींकडून वर्षाची पंचांगं मागवणं बंद केलं. केतकीचा चेहरा असलेला तो प्रसंग दाखवायचा नाही असं त्यांनी लेखी कळवलं, आणि त्यांच्यामागोमाग सगळ्या मंडळाने अंग काढून घेतलं. साहेबांनी लग्न कापलं आणि उरलेलं जोडलं. बर्मिंगहॅमला एका दुपारी तो सिनेमा एकदा दाखवला. मी गेलो होतो. पहिला अर्धा तास माणसं तयारी करतात. मग एकदम जेवतात. कुणाचं काय, कशासाठी, काही कळत नाही. शेजारची बाई नवऱ्याला विचारत होती, कुणी गेलं का हो यांच्यात?

खेळ संपल्यावर साहेब उभे राहून म्हणाले, "लग्न मी तुमच्या कल्पनेवर सोडलं आहे." तेरा-चौदा लोक होते. कुणी काही कल्पना केली असेल असं वाटलं नाही. येताना ट्रेनमध्ये त्यांनी भिंग गळ्यातून काढून खिशात ठेवलं.

केतकीचं पुढे छान झालं. बर्मिंगहॅमचा एक डॉक्टर तिने स्वतःच शोधला. त्याच्या घरच्यांनी अक्षतांबद्दल चकार शब्द विचारला नाही. वहिनी आता तिच्याकडेच असतात. हे त्यांना कुणीतरी वाचून दाखवील, म्हणून त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. वहिनी, रुमाल वर गेला होता. तिसऱ्या ओळीला, ठरल्याप्रमाणे. त्या माणसाने तुम्हाला दिलेला शब्द पाळला होता.

हे सांगण्याची एक संधी मला पूर्वीच मिळाली होती. बर्मिंगहॅमच्या त्या खेळानंतर दोनेक वर्षांनी साहेब आमच्याकडे आले. बरेच वाळले होते. त्या दिवशी जेवलेही नाहीत, मालतीने दोनदा आग्रह केला तरी. लंडनला कुठल्याशा महोत्सवात जुन्या दिग्दर्शकांचे शेवटचे सिनेमे दाखवणार होते. त्यांचाही घेतील, पण लग्न परत घातलं तर.

"केतकी हो म्हणते," ते म्हणाले. "पण आई हो म्हणाली तरच. तू एक शब्द टाक, डेव्ह. तुझं ऐकतील."

"काय सांगू?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते."

मंडळाच्या गणपतीला या, तिथे वहिनी भेटतील, असं मी सांगितलं. ते आले. चर्चच्या हॉलच्या दाराशी सगळ्यांसारखे बूट काढले, हातात फुलं. गणपतीला वाहायची की वहिनींना द्यायची हे न ठरल्यासारखी धरलेली. वहिनींनी त्यांचं म्हणणं उभ्या उभ्या ऐकून घेतलं. मग मला हाक मारली. मी प्रसादाच्या द्रोणांपाशी होतो.

"देवधर, तुम्ही तिथे होतात. तुम्हीच सांगा. या माणसाला मी परत हो म्हणू?"

साहेबांनी माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. बघितलं असतं तर मला आज जरा बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "वहिनी, मुलगी तुमची आहे. तुम्ही ठरवा."

"मग माझं नाहीच आहे," वहिनी म्हणाल्या आणि आरतीचं बघायला आत वळल्या.

साहेबांनी फुलं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि दाराच्या पायरीवर बूट घालायला बसले. वाकवत नव्हतं. बुटाच्या नाड्या बारीक होत्या आणि त्यांची बोटं सुजली होती. आरतीला उशीर झालेले लोक त्यांना ओलांडून आत येत होते. प्रत्येक जण सॉरी म्हणत होता, आणि साहेब दर वेळी मान वर करून म्हणत होते, "नॉट अ‍ॅट ऑल." पहिली नाडी बांधून झाली. दुसरी सुटली. मला द्रोणांच्या टेबलापासून सगळं दिसत होतं. दार वीस पावलांवर होतं.

आरती संपेस्तोवर ते तिथेच होते. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर पडलो. माझे बूट पुढच्या दाराशी, त्यांच्या शेजारी होते. मोज्यांवरच गाडी चालवत घरी आलो.